चादरीचं दुसरं टोक

एक कोपरा तुझ्या हाती,
एक कोपरा माझ्या हाती,
मधी निजली सुरकुती,
तिला उठव, लेकी माझे…

आईचा हा आवाज मला नेहमी चादरीच्या पलीकडून यायचा. ती एका लॉजच्या चादरी धुवायची आणि वाळल्या की घड्या घालायला मला समोर उभी करायची. मी आठ-नऊ वर्षांची, चादर माझ्याहून उंच. तिच्यामागे आई दिसायचीच नाही, दिसायची ती दोन कोपऱ्यांवरची तिची बोटं. गाण्यातला ‘उठव’ आला की दोघींनी एकदम झटका द्यायचा. चादर फटकन वाजायची आणि मग आम्ही एकमेकींकडे चालत यायचो, बोटांना बोटं लागेपर्यंत. सोड्याच्या पाण्याने तिची बोटं भेगाळलेली असायची. पण तिच्या हातून कोपरा सुटलेला मी कधी पाहिला नाही.

“सोडू नकोस गं, दे,” ती म्हणायची. “सोडणं निराळं, देणं निराळं. समोरचीच्या हातात गेलं की मगच बोटं उघडायची.”

मोठेपणी मी हेच काम बावीस वर्षं केलं, एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत. आईच्या जागी दुसऱ्या टोकाला शिडी होती.

शिडी म्हणजे माझी कामावरची जोडीदारीण. उंच, सडसडीत, छप्पन्नाव्या वर्षीही पाठ अशी ताठ की मागून बघणाऱ्याने तिला पस्तिशीची समजावं. मी तिच्या खांद्याला लागते. आम्हाला पहिल्यांदा शेजारीशेजारी उभं केलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, “ही शिडी आणि ही वीतभर!” ती नावं चिकटली ती चिकटलीच. पुढे पुढे सुपरवायझर हजेरीलासुद्धा तशीच हाक मारायला लागले.

लॉन्ड्रीत इस्त्रीचा मोठा रोलर आहे. दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब, आणि समोर उभं राहिलं की तोंड भाजेल इतका गरम. दमट चादर त्याच्या तोंडाशी धरायची. डावा कोपरा शिडीकडे, उजवा माझ्याकडे. आपापल्या बाजूला ताणायची, कड सरळ राखायची आणि हळूच आत जाऊ द्यायची. सगळी करामत ताणात. ताण ढिला पडला की सुरकुती आत जाते आणि रोलर तिला भाजून अशी पक्की करतो की ती मग चादर परत धुतल्याशिवाय जात नाही.

आम्ही काम करताना एकमेकींकडे बघत नसू. गरजच नव्हती. शिडी दमलीय की फुरंगटलीय, हे मला चादरीतूनच कळायचं.

“आज सुनेशी वाजलं वाटतं?” मी विचारायची.

“तुला गं कोण बोललं?”

“चादर बोलली.”

“चहाडखोर मेली,” ती म्हणायची आणि मुद्दाम असा हिसका द्यायची की मी दोन पावलं तिच्याकडे ओढली जायची.

कामाआधी रोज सकाळी आम्ही चालायला जायचो. पुलापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. ही टूम तिचीच. पन्नाशी उलटल्यावर तिने जणू पदरच खोचला होता. रस्त्यात बाकड्यावर बसलेल्या बायका दिसल्या की मला कोपराने ढोसायची.

“बघ, बसल्या. आपल्याहून लहान आहेत आणि बसल्या.”

“अगं, दमल्या असतील.”

“दमल्या तर दमल्या. बसायचं कशाला?”

टाकीवर जायला चाळीस पायऱ्या होत्या. शिडी दोन दोन पायऱ्या घेत वर जायची आणि कठड्याला टेकून खाली ओरडायची, “म्हातारपण खालीच राहिलं गं! वर यायला दम लागतो त्याला!”

“मग मला घेऊन जा,” मी खालून म्हणायची. “ते इथे माझ्याशीच गप्पा मारत बसलंय.”

ती हसायची. पण ते खरंच माझ्याशी गप्पा मारत होतं. आधी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. सकाळी उठले की हात उशीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडलेला असायचा. झटकला की परत माझा व्हायचा. मग झटकूनही होईना. चहाचा कप धरला की धरलाय की नाही, हे डोळ्यांनी बघावं लागे.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरने मनगट दाबून पाहिलं, बोटांवर सुई टोचून पाहिली. “नस दबलीय. ऑपरेशन करावं लागेल. आणि हे काम बंद. किती वर्षं करताय?”

“बावीस.”

“मग पुरे झालं की आता.”

पुरे झालं. ताटात वाढणाऱ्याला म्हणावं तसं तो म्हणाला. मी त्याचा कागद चार घड्या घालून पर्सच्या तळाशी ठेवला आणि दुखणं अंगावर काढायचं ठरवलं. रबरी चेंडू आणला. भाजी शिजेपर्यंत तो दाबत बसायची. चालताना मुठी उघडझाप करायची. शिडीला वाटलं, मलाही तिच्यासारखं व्यायामाचं वेड लागलं. “शाब्बास वीतभर! सुधारलीस!” ती म्हणाली, आणि मी हसून घेतलं.

दर सहा महिन्यांनी लॉन्ड्रीत आमच्या हातांची तपासणी व्हायची. एक मूठ असलेलं यंत्र होतं, दाबलं की काटा चढायचा. काटा लाल रेघेपर्यंत गेला नाही की रोलरवरून नाव कमी. आमच्या वयाच्या बाईचं नाव रोलरवरून कमी झालं की ते दुसरीकडे कुठे लागत नाही. तिघी अशा गेलेल्या मी पाहिल्या होत्या. जाताना प्रत्येकीला कुंडीतलं एक झाड दिलं होतं. त्या वर्षीच्या तपासणीत माझ्या उजव्या हाताची पाळी आली तेव्हा कंपाउंडर मान खाली घालून वहीत लिहीत होता. मी डावाच हात पुन्हा पुढे केला.

“दोन्ही हात सारखेच की हो ताई,” तो म्हणाला. “जुन्या माणसांची गोष्टच वेगळी.”

घरात नवऱ्याला कळलं असावं. त्याने विचारलं नाही. एक दिवस मी मिठाची बरणी उघडायला गेले तर झाकण आधीच सैल होतं. मग डाळीच्या डब्याचं, साखरेच्या, तेलाच्या बाटलीचं. सगळी झाकणं नुसती टेकवलेली. तो खिडकीशी पेपर वाचत होता आणि बराच वेळ पान उलटत नव्हता. मी मीठ घेतलं आणि झाकण पुन्हा नुसतं टेकवून ठेवलं. आमच्या घरात माया अशीच, मुकी. न बोलण्याची सवय मला तिथूनच लागली म्हणावं, तर ते त्याच्यावर ढकलणं होईल.

आईने असं केलं नव्हतं. तीही तेव्हा माझ्या आत्ताच्याच वयाची. एके दुपारी चादर अर्ध्यात असताना तिने गाणं थांबवलं, चालत माझ्यापर्यंत आली आणि तिचे दोन्ही कोपरे माझ्या हातात दिले. “माझ्या टोकाला आता जोर राहिला नाही, बाई,” ती म्हणाली. “तू दुसरं टोक शोध.” इतकं सरळ. त्या दिवशीच्या उरलेल्या चादरी मी एकटीने घडी केल्या, एक टोक हनुवटीखाली दाबून. आई दारात स्टुलावर बसून बघत होती. त्यानंतर ती अकरा वर्षं त्याच स्टुलावर बसली. लोक तिच्यासमोर तिच्याविषयी बोलायचे, ती तिथे नसल्यासारखं. मीसुद्धा बोलायची. ते स्टूल आठवलं की माझ्या जिभेवर आलेलं परत घशात जायचं.

तो मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या चादरी चालल्या होत्या. शिडी नुसती उधळली होती, कारण सुनेला पहाटेच बाळंतपणासाठी नेलं होतं. आत फोन न्यायला बंदी, त्यामुळे निरोप ऑफिसातून दारातच येणार होता. तिचे डोळे दाराला चिकटलेले.

“आता आजी होशील. आता तरी बसशील का गं?” मी म्हटलं.

“बसेन कशाला? पोर खांद्यावर घेऊन टाकी चढेन. दोन दोन पायऱ्या!”

“पोर रडेल.”

“रडू दे. वर गेल्यावर गप्प होईल. वरून सगळं…”

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं तेव्हा त्यात कोपरा नव्हता.

बोटं मिटलेली होती. कोपरा धरल्यासारखीच, घट्ट. पण आत काही नव्हतं. कधी सुटला ते माझ्या बोटांनी मला कळवलंच नव्हतं.

शिडीला एवढंच कळलं, की ताण गेला. ताण दोघींच्या मधे असतो तोवर दोघींचा असतो. गेला की कुणाच्या टोकाने गेला, हे हाताला सांगता येत नाही. डोळे सांगू शकले असते, पण तिचे डोळे दाराकडे होते. तिला वाटलं, आपलीच पकड सुटली. वाकडी होत आत चाललेली कड सावरायला तिने तो लांब डावा हात पुढे टाकला, आणि चादरीबरोबर बोटंही आत गेली.

ती ओरडली नाही. “अगं,” एवढंच म्हणाली, वाटेत कुणी ओळखीचं भेटल्यासारखं. रोलर बंद करायला गुडघ्यापाशी एक लाल पट्टी असते. ती मी दाबली. रोलर थांबला. अर्धा फेरा उशिरा.

सुपरवायझर धावत आले. हात बाहेर काढला, ओलं फडकं गुंडाळलं, स्ट्रेचर मागवलं. “काय झालं? कुणाचा हात सुटला?”

“माझा, साहेब,” शिडी म्हणाली. ती फरशीवर बसली होती आणि तिचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा झाला होता. “माझंच लक्ष नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “खरं?”

मी मान हलवली. एकदा खाली, एकदा वर. बावीस वर्षांत मी केलेलं सगळ्यात हलकं काम.

शिडीची दोन बोटं काढावी लागली. तिसरं राहिलं, पण ते वळत नाही. त्याच संध्याकाळी तिला नात झाली. हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, पट्टी दाबायला अजून उशीर झाला असता तर मनगटापासून हात गेला असता. मग सुपरवायझरांनी आठवड्याच्या सभेत मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “वीतभर नसती तर शिडीचा हात राहिला नसता.” टाळ्या वाजल्या. मी उजवा हात कामाच्या कोटाच्या खिशात घालून उभी होते. नंतर मी रोलरवरून बदली मागितली, मळक्या कपड्यांची गाठोडी बांधायला. “धक्का बसलाय बिचारीला,” बायका म्हणाल्या. कीव करायची तर तीही माझीच.

पाच महिने मी दर रविवारी शिडीकडे जात होते. दर रविवारी वाटेवर वाक्य जुळवायची, आणि दर रविवारी तिच्या जिन्यात ते विसकटायचं. सकाळचं चालणं मीही सोडलं होतं तर तिला काय बाहेर काढणार, पण तरी म्हणायची, “चल, टाकीपर्यंत जाऊन येऊ. हाताला झालंय, पायांना काय धाड भरलीय?”

“पायांचा तरी काय भरवसा?” ती म्हणायची. ती खुर्चीत बसलेली असायची. खांदे पुढे आलेले, केस विंचरून दिलेले. “हातावर होता ना माझा भरवसा? सगळ्या जगात एवढ्याच एका गोष्टीवर होता. मला वाटायचं, म्हातारपण येईल ते पायरी पायरीने येईल, आपल्याला त्याचा आवाज येईल. तसं नसतं गं. ते एका झटक्यात येतं, आणि आपण दाराकडे बघत असतो.”

“छप्पन्न म्हणजे काही म्हातारपण नाही.”

“तुझं नाही. तुझा हात बघ, वेळेवर चालला. माझा नाही चालला.”

मी चहा पीत राहायची. दोन्ही हातांनी कप धरून.

एका रविवारी दुपारी तिची सून मला जिन्यातच भेटली. हळू आवाजात म्हणाली, “मावशी, तुम्ही तरी समजवा. आईंनी बाळाला अजून एकदाही घेतलं नाही. उजवा हात धडधाकट आहे, पण त्याने कपसुद्धा उचलत नाहीत आता. म्हणतात, सुटेल. मी भरवते त्यांना कधी कधी. बाळाला भरवते आणि मग त्यांना.”

आत गेलो तर बाळ पाळण्यात रडत होतं. तान्ही नात, हात-पाय झाडत, तोंड लाल करून. शिडी चार पावलांवर बसली होती आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखे.

“आई, उचला ना जरा,” सून म्हणाली. “मी दूध गरम करते.”

“नको. मला सांगू नकोस.”

“खुर्चीत बसूनच घ्या. मी देते मांडीवर.”

“सुटली तर?” शिडीचा आवाज चिरकला. “चादर होती ती. चादर! ती धरता आली नाही मला. ही तर पोर आहे.”

सुनेने माझ्याकडे बघितलं. “मग मावशी, तुम्ही घ्या. तुमचा हात पक्का. सगळे नाव काढतात.”

“गादीवर ठेव तिला,” मी म्हटलं. “मी शेजारी बसते.”

बाळ गादीवर आलं, दूध पिऊन थोडं शांत झालं. सुनेने गॅलरीतून वाळलेली चादर आणून खुर्चीवर टाकली. साधी पांढरी, एकेरी. मी ती उचलली. का उचलली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित मला वाटलं, बोलण्यापेक्षा हे सोपं जाईल. कदाचित फक्त एकदा पुन्हा तिच्यासमोर उभं राहायचं होतं.

“ऊठ शिडी. धर.”

“चल, काहीतरीच.”

“कापडच आहे. पडलं तर फरशीवर पडेल. उठतेस की ओढू?”

ती उठली. पाच महिन्यांनी तिला माझ्यासमोर पूर्ण उंचीने उभी बघितली. उजव्या हाताने तिने एक कोपरा घेतला. दुसरा डाव्या अंगठ्यात आणि उरलेल्या बोटांत कसाबसा अडकवला. मी माझे दोन घेतले, मागे मागे सरकले, आणि चादर आमच्या मधे वर आली. ताण आला. आणि त्या ताणातून ती मला पुन्हा कळली. तिची भीती, तिचा रोखून धरलेला श्वास, आणि तरीही तो जोर, तोच, बावीस वर्षांचा. काहीही गेलं नव्हतं. पाच बोटांचं काम ती दोन बोटांनी करत होती आणि मला तिच्याकडे ओढत होती.

माझ्या तोंडून आईचं गाणं आलं, नुसतं गुणगुणल्यासारखं. एक कोपरा तुझ्या हाती… शिडीने डोळे मिटून घेतले. मधी निजली सुरकुती… तिला उठव…

आम्ही झटका दिला.

चादर फटकन वाजली आणि एका बाजूने कोसळली. बाळ दचकून रडायला लागलं.

“बघितलंस?” शिडी म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. “सुटलं. म्हणून सांगते, माझ्या हातात काही देत जाऊ नका. संपले मी, वीतभर. माझं झालं आता.”

मी खाली बघितलं. सुटलेला कोपरा माझ्या पायाशी पडला होता. माझी उजव्या हाताची बोटं मिटलेली होती, घट्ट, आणि आत काही नव्हतं. मला वाकून तो कोपरा उचलता आला असता. तिचे डोळे मिटलेले होते, सून बाळाकडे वळली होती. कुणाला काही कळलं नसतं. ती खुर्चीत जाऊन बसली असती, हात मांड्यांखाली घालून, अकरा वर्षं किंवा त्याहून जास्त. आणि मी दर रविवारी चहा प्यायला आले असते.

“शिडी,” मी म्हटलं. “डोळे उघड.”

“नको.”

“उघड म्हणते ना. तुझ्या हातात काय आहे, बघ.”

तिने डोळे उघडले. आधी उजव्या हाताकडे बघितलं. मग डाव्या. दोन्ही कोपरे तिच्या बोटांत होते, चुरगळून जातील इतके गच्च धरलेले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग चादरीवरून तिची नजर हळूहळू सरकत माझ्यापर्यंत आली, माझ्या रिकाम्या मुठीपर्यंत.

“हा काय प्रकार?” ती म्हणाली.

मला आईची बोटं आठवली, माझ्या हातात कोपरा देऊन मगच उघडणारी. मी तसं काही देऊ शकत नव्हते. माझ्याकडे होतं ते एवढंच होतं, आणि ते पाच महिने उशिरा.

“माझा सुटला,” मी म्हटलं. “आत्ता. आणि त्या मंगळवारीही माझाच सुटला होता. ह्या बोटांना वर्षभर काही कळत नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं. तुला सांगितलं नाही, कारण मला बसायचं नव्हतं. तू काही सोडलं नाहीस, शिडी. तू कधीच काही सोडलं नाहीस. सोडलं ते मी. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मान हलवली, तीही मीच.”